नेपिअर नेमका कुठला?

आमच्या गावाकडे नेपिअर म्हणजे गवत, विषय संपला. "नेपिअरला पाणी सोडलंय", "नेपिअर कापायला आलंय", "दोन गुंठे नेपिअर लाव की, म्हशींना बारमाही होईल" असली वाक्यं लहानपणापासून कानावर. ज्यांच्या गोठ्यात दोन जनावरं आहेत त्यांना काही सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, लांबून उसासारखं दिसतं, पुरुषभर उंच जातं नाहीतर त्याच्याही वर, आणि पानाच्या कडा अशा की उघड्या हातानं कापायला बसलात तर संध्याकाळी अंघोळीचं गरम पाणी अंगावर घेताना कुठे कुठे चिरलंय ते एकेक करून कळतं. त्यात ती बारीक कुसं मानेत गेली की बसा खाजवत.

तर जानेवारी 2019 ला भारत न्यूझीलंडमध्ये वनडे खेळत होता, मॅच नेपिअरला. आपल्याकडे दुपारचे बारा वाजायच्या सुमाराला खेळ अचानक थांबला, पाऊस नाही, काही नाही, उलट ऊन होतं म्हणून थांबला! तिथलं मॅक्लीन पार्कचं पिच पूर्व-पश्चिम आहे (जगात बहुतेक ठिकाणी दक्षिणोत्तर असतं, ते ह्याच कारणासाठी), मावळतीचा सूर्य थेट बॅट्समनच्या डोळ्यात यायला लागला, धवन आणि कोहली उभे होते, अंपायरनी सगळ्यांना आत पाठवलं. अर्ध्या तासानं परत चालू झालं आणि आपण आठ विकेटनं जिंकलोही. पण आमच्या काकांचं लक्ष स्कोअरकडे नव्हतंच, ते कधीचे स्क्रीनवरचं नाव वाचत होते, शेवटी म्हणाले, "हे आपल्या गवताचं गाव का रे?"

सगळे हसले. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला, आणि तेव्हापासून हे नेपिअर प्रकरण माझ्या डोक्यात बसलंय ते बसलंयच.

गवताचा आणि त्या गावाचा काही संबंध नाही. गाव आहे चार्ल्स नेपिअरच्या नावाचं, म्हणजे ज्यानं 1843 मध्ये मियाणीच्या लढाईत तालपूर अमिरांना हरवून सिंध इंग्रजांच्या घशात घातला तो. हा गृहस्थ साठीला टेकल्यावर हिंदुस्थानात आला, आधी मुंबई इलाख्यात पुण्याला सैन्याची कमान सांभाळली, मग सिंध. न्यूझीलंडला तो उभ्या आयुष्यात गेला नाही. पण 1850 च्या दशकात तिथे आल्फ्रेड डोमेट नावाचा कमिशनर होता, त्यानं हे नाव ठेवून दिलं. माओरी लोकांचं त्या जागेला अहुरिरी हे नाव आधीपासून होतंच, पण ते कोण विचारतो. डोमेटला कवितांचा नाद, स्वतःही लिहायचा, त्यामुळे गावातल्या रस्त्यांना शेक्सपिअर, टेनिसन, ब्राउनिंग अशी नावं दिली त्यानं, ते एक बरं केलं.

मजा पुढे आहे. ह्या नेपिअरच्या शेजारचं शहर हेस्टिंग्ज, आपला वॉरन हेस्टिंग्ज. जवळच क्लाइव्ह नावाचं छोटं गाव, त्याच भागात हॅवलॉक नॉर्थ (1857 च्या बंडातला इंग्रज सेनापती हॅवलॉक, त्याचं), आणि नेपिअरच्या कडेलाच मियानी, हो तीच लढाईवाली. आपल्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात ज्यांनी आपल्याला छळलं ते सगळे तिथे एकमेकांच्या शेजारी राहतात आणि मधल्या पट्ट्यात सफरचंदाच्या आणि द्राक्षांच्या बागा! तिथल्या शाळकरी पोरांना क्लाइव्ह म्हटल्यावर प्लासी आठवत असेल असं मला तरी वाटत नाही.

हॅवलॉक म्हटलं की आपल्याकडच्या हनिमूनवाल्यांना अंदमान आठवतं, त्या बेटाचं नाव 2018 च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झालं पण टूरवाले अजून हॅवलॉकच म्हणतात. हा हॅवलॉक आणि आपला सिंधवाला नेपिअर, दोघांचे पुतळे लंडनच्या ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये दोन कोपऱ्यांत आहेत, मधे उंच खांबावर नेल्सन. 2000 साली लंडनचा महापौर केन लिव्हिंगस्टोन चक्क म्हणाला होता की हे दोन सेनापती कोण ते आपल्याला माहीत नाही, हलवा त्यांना. हलवले नाहीत, पण म्हणजे बघा, अख्खा सिंध जिंकूनही स्वतःच्या राजधानीच्या महापौराला तुम्ही माहीत नाही.

न्यूझीलंडच्या नेपिअरबद्दल अजून एक, 3 फेब्रुवारी 1931 ला तिथे भयंकर भूकंप झाला, नेपिअर आणि आसपास मिळून 256 माणसं गेली, शहर कोसळलं आणि शेजारची खाडी मात्र वर उचलली गेली, तिथला विमानतळ त्याच वर आलेल्या जमिनीवर आहे. मग शहर नव्यानं बांधलं ते त्या वेळच्या फॅशनप्रमाणे आर्ट डेको. साधारण त्याच वर्षांत आपल्या मरीन ड्राइव्हच्या बिल्डिंगी उठत होत्या, त्यामुळे फोटो बघितले तर गोलाईचे कोपरे, आडव्या पट्ट्या, अगदी घरचं वाटतं.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर, नेपियन सी रोडचा ह्यात काही हात नाही. तो नेपियन, ईव्हन नेपियन, 1812 ते 1819 मुंबईचा गव्हर्नर, घराणं वेगळं. त्याच्या नावाची नदी सिडनीजवळ आहे. चेन्नईतला नेपिअर ब्रिज आणि त्रिवेंद्रमचं नेपिअर म्युझियम मात्र खरे नेपिअरचे, पण सिंधवाल्याचे नाहीत, मद्रासचा गव्हर्नर फ्रान्सिस नेपिअर याचे. 2022 च्या चेस ऑलिम्पियाडला ज्या पुलावर बुद्धिबळाचा पट रंगवला होता ना, तोच पूल. जबलपुरात तर अख्खं नेपिअर टाउन आहे.

आणि ह्या सगळ्यांत थोरला म्हणाल तर जॉन नेपिअर, एडिंबरोचा, ज्यानं 1614 मध्ये लॉगॅरिदम छापले. सिंधवाला त्याच्याच वंशातला. बारावीच्या पेपरात लॉग टेबल उघडून अँटिलॉग चुकीच्या पानावर बघितल्यामुळे ज्यांचे दोन दोन मार्क गेले, त्या सगळ्यांनी ह्याच माणसाला शिव्या घातल्यात. खरं तर आपल्या हातात असतात ते दहाच्या पायाचे आकडे, ते करायला घेतले हेन्री ब्रिग्जनं, 1615 ला तो मुद्दाम लंडनहून नेपिअरला भेटायला गेला होता, त्यामुळे शिव्या निम्म्या वाटून द्यायला हरकत नाही.

राहिला गवताचा नेपिअर. हा ह्या मोठ्या लोकांपैकी कोणीच नाही, हा बुलावायोचा, म्हणजे आताच्या झिम्बाब्वेचा, एक कर्नल नेपिअर. गवत मूळ आफ्रिकेतलंच, ह्यानं फक्त तिथल्या शेतीखात्याच्या मागे लागून सांगितलं की हे जनावरांना चांगलं आहे, बघा तरी. बस एवढंच. ना लढाई, ना पुतळा, ना पूल. आणि तरी महाराष्ट्रात रोज सकाळी ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं तो नेपिअर हाच, कारण कडबाकुट्टी, म्हणजे चारा बारीक करायचं यंत्र, चालू झाली की त्यात पहिलं तेच गवत जातं. माझं मत विचाराल तर ह्या सगळ्यांत नाव कमावलं ते ह्या कर्नलनंच, बाकीच्यांनी नुसतं लावून घेतलं.

आपल्या लोकांनी तर त्याचं पुढे बाजरीशी लग्न लावलं. तो संकर, त्यातून बी तयार होत नाही, म्हणून मग दोन डोळ्यांच्या (डोळा म्हणजे कांडीवर कोंब फुटायची जागा) कांड्या नाहीतर ठोंबं सरीत लावायची, पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, मग दर दीड-दोन महिन्यांनी. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं त्यातून जे वाण काढले त्यांची नावं यशवंत आणि जयवंत, म्हणजे स्कॉटिश आडनावाच्या घरात दोन मराठी मुलगे. जनावरांना नुसतं तेच मात्र घालू नका, त्यात ऑक्झलेट असतं, ते जास्त झालं की बाधतं, जोडीला मेथीघासासारखा दुसरा चारा पाहिजे.

परवा आमच्या दूधवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात पडली, "सुपर नेपिअर, फोर जी बुलेट, एक डोळा दोन रुपये, घरपोच". खाली पहिलीच कमेंट, हजार घेतले तर भाव काय लावणार.