हर्मासची सही

जेमतेम तळहाताएवढा पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला जुना कागद. इसवी सन 250 च्या उन्हाळ्यातला, इजिप्तच्या फायूम भागातल्या थिअडेल्फिया गावचा. मी जर्मनीत एका ग्रंथालयात पपायरसच्या डागडुजीचं काम करते. त्या दिवशी टेबलावर आला तो रोमन सम्राट डेशियसच्या हुकमावरून काढलेला दाखला.

हुकूम असा की प्रत्येकानं देवांना बळी द्यायचा, नैवेद्य चाखायचा आणि तसं लेखी घ्यायचं. अर्जदार बाईचं नाव अर्धंच उरलंय. मजकूर कारकुनाच्या सराईत हातचा: मी नेहमीच देवांना बळी देत आले, आजही तुमच्यासमक्ष दिला, तसा दाखला मिळावा. खाली दुसरं अक्षर: आम्ही, सेरेनस आणि हर्मास, तुला बळी देताना पाहिलं. त्याखाली तिसरं, घाईचं, फरफटलेलं. हर्मासची सही.

नेमकी तिच्यावरच कुणीतरी पूर्वी चिकटपट्टी मारलेली. हे करणाऱ्याला मी माफ करू शकत नाही. चिकटा पिवळा पडून तंतूंत मुरला होता. काजळीची शाई तंतूंवर नुसती बसलेली असते. पट्टी ओढली की अक्षरही निघून येतं. म्हणून गरम पात्यानं पट्टीचा पापुद्रा उचलायचा, मग मायक्रोस्कोपखाली कापसाच्या बोळ्यानं चिकटा टिपायचा, तोही तंतूंच्या दिशेनंच. दोन तासांत सेंटिमीटरभर काम झालं. सुटलेले तंतू जपानी कागदाच्या बारीक फिती आणि गव्हाची खळ लावून बसवले. तरी पहिल्या अक्षराचा एक काळा कण पट्टीबरोबर आलाच. सुईच्या टोकानं परत ठेवला, तेव्हा माझा हात थरथरत होता.

दुपारी प्रदर्शन विभागानं पाटीचा मजकूर पाठवला: 'श्रद्धा सोडलेली ख्रिस्ती स्त्री'. मी भडकले. ख्रिस्ती माणसाला इतर देवांना बळी देणं वर्ज्य, हे खरं. पण ती ख्रिस्ती होती हे कुणी ठरवलं? मगरदेव पेतेसुखोसच्या पुजारिणीलाही असाच दाखला घ्यावा लागला होता, तिचा अर्ज अजून शिल्लक आहे.

आणि समजा, असेलही ख्रिस्ती. मग खरंच बळी दिला, की पैसे मोजून नुसता कागद मिळवला? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याच प्रश्नानं हैराण झाला होता. 251 साली तिथल्या बिशपांच्या सभेनं ठरवलं, की फक्त दाखला घेतलेल्यांना एकेकाची चौकशी करून चर्चमध्ये परत घ्यावं. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहावं, क्षमा मरणाच्या दारात. सरकारदरबारी जो कागद जीव वाचवत होता, तोच चर्चमध्ये तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला असता. हर्मासनं तर लिहून दिलंय, 'पाहिलं'. त्यानं काय पाहिलं, हे माझ्या मायक्रोस्कोपला दिसत नाही.

पाटीवर मी एवढंच सुचवलं: 'थिअडेल्फियाची एक स्त्री, सन 250'. त्यांना ते फार कोरडं वाटतंय. अजून ठरलेलं नाही.

काच लावण्याआधी तिरप्या उजेडात कागद पुन्हा पाहिला. घड्यांच्या तीन रेषा आहेत, मधल्या रेषेवर तंतू झिजलेत. तिनं तो पुष्कळ वेळा उघडला असावा.