पैठण, गंगाखेड, नांदेड: मशीन नदीत नाही, डिकीत बिघडतं

गंगाखेडच्या घाटावर पाणी जेमतेम गुडघाभर. तरी 3 मीटरपर्यंत वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या मेटल डिटेक्टरच्या स्क्रीनला वीस मिनिटांत आतून वाफ धरली. खोक्यावरच्या त्या आकड्याच्या भरवशावर कुणाची हरवलेली अंगठी किंवा मंगळसूत्र शोधायला मे महिन्यात गोदाकाठी निघणार असाल, तर आधी एवढं वाचा. तो आकडा नव्या सीलचा आहे, थंड मशीनचा आहे. परभणीच्या उन्हाचा त्यात हिशेब नाही.

पैठणचा दिवस निवांत गेला. तिथल्यासाठी इशारे तेवढे लक्षात ठेवा. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय त्या काठाला मशीन न्यायचं नाही. प्रतिष्ठानच्या, म्हणजे प्राचीन पैठणच्या, पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडांकडे तर फिरकूच नका. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेला दहा रुपयांवरचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

खरा घात पैठण ते गंगाखेड या चार-पाच तासांत होतो. बंद डिकीत मशीन सहज 55 अंशांपर्यंत तापतं. आतली हवा फुगते आणि दमलेल्या ओ-रिंगच्या (झाकणाखालच्या रबरी कडीच्या) कडेने थोडी बाहेर निसटते. किंवा वाटेत सेल बदलून झाकण तापलेलं असतानाच लावलं जातं. मग घाटावर उतरून ते थेट 27 अंशांच्या पाण्यात बुडवलं की हवा आकसते आणि आतला दाब आठ-साडेआठ टक्के पडतो. म्हणजे जवळपास 80 सेंटीमीटर पाण्याच्या उंचीएवढी ओढ. पाणी गुडघ्याएवढं असलं तरी सीलवर भार पावणेदोन हात जास्तीचा पडतो, तोही आत खेचणारा. ओ-रिंगवर वाळूचा एक कण किंवा एखादा केस असला तरी तेवढी वाट पुरते.

म्हणून मशीन डिकीत ठेवू नका. मागच्या सीटखाली, ओल्या पंच्यात गुंडाळून न्या. घाटावर पोचल्यावर सावलीत अर्धा तास तसंच राहू द्या. हाताला गार लागलं की सेलच्या कप्प्याचं झाकण एकदा उघडून परत लावा, आतबाहेरचा दाब सारखा होतो. हे पाण्यापासून दूर, कोरड्या हाताने करा. पहाटे काठावर झाकण उघडलं तर दमट हवाच आत कोंडली जाते. सेल आतच बसवलेले असतील तर झाकणाचा प्रश्न नाही, पण अर्धा तास चुकवायचा नाही.

निघायच्या आदल्या दिवशी कप्प्यात टिश्यू पेपरची पट्टी ठेवून मशीन पंधरा मिनिटं बादलीत बुडवा. पट्टीला जरा जरी ओल दिसली तर ओ-रिंग बदला. दोन जास्तीच्या जवळ असू द्या. माहितीपत्रकात सांगितलेलंच ग्रीस लावा, तेही रबर फक्त चमकेल इतकं. जाड थर दिला की त्यावर गाळ चिकटतो. व्हॅसलिन काही रबरांना फुगवतं, घरात आहे म्हणून लावू नका.

आता धुण्याविषयी. ‘गोड्या पाण्याने धुवा’ असं सगळे सांगतात आणि लॉजवर बोअरचं पाणी मिळतं. ते वाळलं की चार्जिंगच्या पितळी टोकांवर आणि ओ-रिंगच्या खाचेत पांढरा क्षार बसतो. पुढच्या वेळी झाकण त्याच थरावर टेकतं. शेवटचं धुणं आरओच्या जारमधल्या पाण्याने करा, तीन लिटर पुरतं. कॉइलचं (दांड्याच्या टोकाच्या चकतीचं) कव्हर काढाच. खाली काळ्या मातीचा चिकट थर साचतो, वाळून विटेसारखा होतो आणि ओला असताना खोटे आवाज देतो. दांडा उभा धरून आतलं पाणी काढा. टोकं पूर्ण सुकल्याशिवाय चार्जर लावू नका, हिरवा गंज तिथूनच सुरू होतो. आणखी एक: पुष्कळ मॉडेलांत मशीन वॉटरप्रूफ असतं, सोबतचा हेडफोन नसतो.

वाफ धरलीच तर मशीन बंद करा, सेल काढा, कप्पा खाली तोंड करून झटका. तांदळात पुरू नका, भुकटी आत जाते. गावातल्या एका दुकानात हॉट एअर गनने वाळवून द्यायचे पंधराशे रुपये मागितले. देऊ नका, त्या झोताने चिकटवलेले सांधे सुटतात आणि वॉरंटीही जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात 100 ग्रॅम नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घाला, मशीन सेलच्या कप्प्याचं झाकण उघडं ठेवून आत ठेवा आणि डबा 48 तास बंद ठेवा. दाणे हिरवे झाले की बदला. 110 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवले की तेच दाणे परत चालतात.

नांदेडला दुसरं मशीन नेलं होतं, ओल्या पंच्यात. सकाळी सहा ते नऊ पाण्यात. बाहेर काढून पुसलं, झाकण उघडलं. टिश्यूची पट्टी कोरडी ठणठणीत.