तुम्ही विचारलंत म्हणून: बापाची माया लिहायची की गाळायची?

पुन्हा तोच प्रश्न. वडील कट्टर वंशद्वेषी होते, त्यांच्यावर लिहायचंय, मग त्यांची माया लिहायची की गाळायची? लिहिली तर ‘बापावर पांघरूण घालता’, गाळली तर ‘जन्मदात्याचे हेच पांग फेडलेत?’

लिहाच. माया गाळली की बापाचा राक्षस होतो, आणि राक्षस आपल्या घरातला आहे असं कुणालाच वाटत नाही. पण ‘वंशद्वेषी होते, पण प्रेमळ होते’ असं लिहू नका. त्यातला ‘पण’ आधीचं सगळं धुऊन टाकतो. दोन वाक्यं करा, मध्ये पूर्णविराम द्या.

जर्मन पत्रकार-लेखक निकलास फ्रांक यांनी असंच वडिलांवर लिहिलं. त्यांचे वडील हान्स फ्रांक नाझींनी व्यापलेल्या पोलंडचे गव्हर्नर-जनरल होते. १६ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यूरेंबर्गला त्यांना फाशी झाली. त्याआधी सप्टेंबरमध्ये सात वर्षांचा निकलास त्यांना तुरुंगात भेटला. लवकरच आपण सगळे घरी नाताळ साजरा करू, असं वडील म्हणाले. दुसऱ्या कुणी या प्रसंगावर गहिवरून पानभर लिहिलं असतं. निकलासनी मात्र ते खोटं म्हणून नोंदवलं: वडिलांना फाशी होणार हे मुलाला ठाऊक होतं, आणि शेवटच्या भेटीतही बाप खरं बोलला नाही. १९८७ मध्ये ‘श्टेर्न’ साप्ताहिकात त्यांचं लेखन आलं तेव्हा वाचक मुलावरच संतापले. बापाबद्दल असं लिहितात का?

मीही म्हणत असे की निकलास यांच्या लेखनातला राग कच्चा आहे, लेखनाला अंतर हवं. आता विचारावंसं वाटतं, शांत सुराची सोय कुणासाठी? तरी तो राग प्रत्येकाने उसना घ्यावा असंही मी म्हणणार नाही. घ्यायची तर त्यांची नजर घ्या. आपली आई पोलंडमधल्या क्राकूव शहरातल्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, फर घ्यायला जायची, हे ते सांगतात. घरात काय आलं, कुणाकडून, किती पैशांत, हे लिहिलंत की विचारसरणीवर वेगळा परिच्छेद लागत नाही.

शिवी एकदाच लिहा, ती कुणासमोर उच्चारली आणि ऐकणाऱ्याचं काय झालं यासकट. दहादा लिहिलीत तर तुमचं पान त्यांचं पत्रक होतं. पत्रातलं वाक्य तारखेसह जसंच्या तसं घ्या. नुसतं आठवणीतलं असेल तर अवतरणचिन्हं काढा. ‘गरिबीमुळे असे झाले’ लिहिण्याआधी त्याच घरात वाढलेली भावंडं तशी झाली का, ते बघा.

वडील हयात असतील तर त्यांच्याकडून तपशील तपासून घ्या, परवानगी मागू नका. मसुदा आधी वाचायला द्यायचा तो ज्यांचा त्यांनी द्वेष केला त्यांच्यापैकी कुणाला तरी. ती व्यक्ती नको म्हणाली तर आग्रह धरू नका. हो म्हणाली, तर त्या वाचनाचे पैसे द्या.