मामा, लाल डाग कुठाय?

या जानेवारीत गुरू एकदम फॉर्मात होता, 10 जानेवारी 2026 ला प्रतियुती (सूर्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूला), मिथुन राशीत, म्हणजे रात्रभर आकाशात. भाची राहायला आली होती तर म्हटलं चला हिला ग्रेट रेड स्पॉट, म्हणजे गुरूवरचं ते मोठं लाल वादळ, दाखवूया. लॅपटॉपवर बघितलं तर डाग रात्री 10:10 ला गुरूच्या बिंबावर बरोब्बर मधोमध. सहा इंची डॉब (आरशाची साधी दुर्बीण) गच्चीवर नेला, आरसा गार व्हायला अर्धा तास नुसता ठेवला, मग 8 मिमीचा आयपीस (डोळा लावायची भिंग), म्हणजे दीडशे पट, आणि दोघं आळीपाळीने डोळा लावून बसलो. पट्टे मस्त दिसत होते, डाग काही नाही.

"मामा, कुठाय लाल?"

"अगं नीट बघ, मधेच असेल."

नव्हताच. 10:20 ला कुडकुडत खाली आलो, तिला दूध दिलं आणि मी लॅपटॉप उघडून बसलो. चूक माझीच होती, ते सॉफ्टवेअर मी दोन वर्षं अपडेटच केलं नव्हतं.

त्याचं असं आहे, गुरूला जमीन नाही, डाग ढगांत तरंगतोय, त्यामुळे त्याचा रेखांश सरकत राहतो, हल्ली वर्षाला साधारण वीसेक अंश. गुरू तासाला 36 अंश फिरतो. म्हणजे दोन वर्षांचा जुना आकडा असला की डाग तासाभराहून जास्त लेट! मंगळाचं तसं नाही, सिर्टिस मेजर हा त्याच्यावरचा काळपट डाग जमिनीवरच आहे, कुठे जात नाही, रोज फक्त 37-40 मिनिटं उशिरा मधोमध येतो कारण मंगळाचा दिवस तेवढा मोठा.

स्टेलॅरियममध्ये (तेच माझं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) डागाचा रेखांश आपल्याला स्वतः टाकता येतो. हौशी मंडळी फोटोंवरून मोजून ताजा आकडा देत असतात, तो टाकला तर वेळ आली 11:15. (हे वेळापत्रक युनिव्हर्सल टाइममध्ये मिळालं तर साडेपाच तास मिळवायचे, मी एकदा विसरून भर दुपारची वेळ काढली होती.) मधोमध यायच्या आधी आणि नंतर पन्नासेक मिनिटं डाग बरा दिसतो, त्यामुळे पावणेअकराला परत वर.

आणि होता की! लाल वगैरे नाही हं, फोटो बघून जाल तर फसाल, फिकट विटकरी, आणि दक्षिणेच्या पट्ट्याला तिथे कुणी चावा घेतल्यासारखी खोबण. आधी खोबण दिसते, मग तिच्यात डाग. भाचीला माझ्याआधी दिसला.

"हा तर बटाटा आहे!"

पुढची वेळ तोंडीच निघते, गुरूच्या पाच फेऱ्या म्हणजे 2 दिवस 1 तास 38 मिनिटं, सो परवा रात्री 12:53. ताई म्हणाली, अजिबात नाही, तिची सकाळची शाळा आहे.