एफिसस बघायला गेलो, गालिचे बघून आलो

तुर्कस्तानात कुशादासीला क्रूझ लागली की बहुतेक प्रवासी एकच शोअर एक्स्कर्शन, म्हणजे जहाजावरून उतरून करायची दिवसाची सहल, घेतात: मेरीमातेचं घर, एफिसस या प्राचीन शहराचे अवशेष, सेल्चुक गावातली सेंट जॉनची (संत योहानाची) बॅसिलिका आणि परत. आम्हीही तीच घेतली. जहाजाच्या डेस्कवर नाव नोंदवणं, सकाळी जहाजावरच्या थिएटरमध्ये जमणं, कपड्यावर बसच्या नंबरचा स्टिकर, यात काही अवघड नाही. शेवटच्या थांब्यावर मात्र जे अडकलो, त्याचा राग अजून गेलेला नाही. पत्रकात त्याचं नाव होतं ‘पारंपरिक हस्तकलेचं प्रात्यक्षिक’.

मेरीमातेचं घर डोंगरावर, झाडीत आहे. आना कातारिना एमेरिक ही अंथरुणाला खिळलेली जर्मन जोगीण इथे कधीच आली नव्हती. तिच्या दृष्टांतांतलं मेरीच्या घराचं वर्णन घेऊन इझमीरचे पाद्री १८९१ साली हा डोंगर चढले आणि त्यांना हे पडकं घर सापडलं. आत फोटो काढू देत नाहीत आणि रांग सतत पुढे सरकवतात, त्यामुळे गाभाऱ्यात दोन क्षणच मिळतात. सासूबाईंना तेवढे पुरले. बाहेरच्या झऱ्याचं पाणी त्यांनी बाटलीत भरून घेतलं. रिकामी बाटली जवळ ठेवा, म्हणजे तिथे विकत घ्यावी लागत नाही.

एफिससमध्ये गाइड वरच्या दाराने आत नेतो आणि खालच्या दाराने बाहेर काढतो, म्हणजे सगळा उतारच. संगमरवरी फरसबंदी लाखो पावलांनी गुळगुळीत झालीय, तेव्हा तळ धरणारे बूटच घाला. सेल्सस ग्रंथालयाचा जो दर्शनी भाग सगळ्यांच्या फोटोत असतो, तो ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात पडलेले तुकडे जुळवून पुन्हा उभा केलाय. समोरच्या उतारावरची टेरेस हाउसेस, म्हणजे श्रीमंत रोमनांची मोझेइक आणि भित्तिचित्रांची घरं, आम्ही बाहेरूनच पाहिली. “वेळ नाही, मॅडम,” गाइड म्हणाला.

पंचवीसेक हजार माणसं मावतील अशा नाट्यगृहात त्याने बायबलमधली गोष्ट सांगितली. दिमेत्रियस नावाचा सोनार आर्तेमिस देवीची चांदीची छोटी देवळं करून विकायचा. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाच्या उपदेशाने धंदा बसणार म्हणून त्याने कारागिरांना भडकवलं आणि जमाव या नाट्यगृहात शिरून दोन तास देवीच्या नावाचा गजर करत राहिला. पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत नसल्यामुळे आम्ही हसलो.

बॅसिलिकेत जेमतेम वीस मिनिटं मिळाली. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने संत योहानाच्या थडग्यावर हे प्रचंड चर्च बांधलं. त्या टेकडीवरून खाली १३७५ सालची ईसा बे मशीद दिसते आणि पलीकडे आर्तेमिसच्या देवळाचा उभा असलेला एकमेव खांब. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एकाचं एवढंच उरलंय. तिथे उतरायचं आहे का, असं विचारलं तर पुन्हा तेच, वेळ नाही.

आणि मग बस गालिच्यांच्या दुकानासमोर थांबली. तिथे वेळच वेळ होता.

सुरुवात चांगली होती, हे मान्य करते. रेशमाचे कोष कोमट पाण्यात टाकून त्यांचे धागे कसे ओढतात ते दाखवलं. मागावर बसलेल्या बाईंनी तुर्की गाठ मारून दाखवली. ती ताण्याच्या दोन उभ्या धाग्यांभोवती पडते, म्हणून गालिचा घट्ट बसतो. पहिली दहा मिनिटं मी मन लावून बघितली. इथेच सोडलं असतं तर कौतुकाने लिहिलं असतं.

पण मग सगळ्यांना एका मोठ्या खोलीत बाकांवर बसवलं. सफरचंदाचा चहा आला. पोरं एकावर एक गालिचे उलगडू लागली. एकेक फिरवून दाखवायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूने रंग वेगळा दिसतो. अनवाणी चालून बघा म्हणाले. सासूबाई चालल्या आणि तीच चूक ठरली. लगेच एक सूटबूटवाला त्यांच्या शेजारी येऊन बसला. “अगं, हा मला काय विचारतोय?” “आई, आपल्या हॉलचं माप विचारतोय.” किमतीची चिठ्ठी कशालाच नव्हती. किंमत विचारली की तुमचं बजेट विचारायचे. नको म्हटलं की लहान गालिचा, तोही नको म्हटला की घरपोच पाठवण्याची हमी. बाहेर पडावं तर बसला कुलूप, ड्रायव्हर बेपत्ता आणि गाइड मालकाबरोबर चहा पीत बसलेला. बस कधी सुटणार, असं मी विचारत राहिले आणि तो ‘पाच मिनिटं’ म्हणत राहिला. आमच्या बसमधल्या एका जोडप्याचा सौदा आतल्या खोलीत चालू होता. तो होईपर्यंत कोणाचीच सुटका नव्हती. बॅसिलिकेच्या तिपटीहून जास्त वेळ तिथे गेला.

आम्ही काही घेतलं नाही, याचा मला अभिमान आहे. ठामपणे ‘नको’ म्हणा आणि माप, रंग, बजेट यातलं काहीही सांगू नका. दुकान बंदराजवळच्या बाजारात असेल तर सरळ उठून जहाजाकडे चालत जा. आमचं गावाबाहेर होतं. बुकिंग करतानाच डेस्कवर विचारा की खरेदीचा थांबा किती वेळाचा आहे आणि तो टाळता येतो का. खासगी टूर घेतलीत तर खरेदीला थांबणार नाही, असं लेखी घ्या. तिथे परवानाधारक गाइडच लागतो, ओळखपत्र बघून घ्या. जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, खासगीला ही सोय नाही. त्यात तुर्कस्तान २०१६ पासून उन्हाळा-हिवाळ्यासाठी घड्याळ तासाने मागेपुढे करत नाही, ग्रीस करतो. ऑक्टोबर अखेरनंतर ग्रीसहून येत असाल तर दोन्हीकडच्या वेळेत तासाचा फरक पडतो. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, पण जहाज स्वतःच्या वेळेवर सुटतं.

टेरेस हाउसेसचं तिकीट वेगळं असतं. ते टूरमध्ये धरलंय का, हे मात्र नक्की विचारा.