‘मिरर’ पाहून बाहेर पडलेली माणसे

आज फिल्म सोसायटीत सोव्हिएत दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा ‘मिरर’ हा आत्मचरित्रात्मक चित्रपट दाखवला. नंतरची चर्चा ठरलेल्या वेळेपेक्षा बरीच लांबली, आणि त्या चर्चेत तीन माणसे जे बोलली ते अजून मनातून हललेले नाही, म्हणून विसरण्यापूर्वी लिहून ठेवते.

पहिला एक तरुण होता. तो चिडलेला होता, पण उद्धट नव्हता. पडद्यावरची बाई कोणत्या क्षणी आई आहे आणि कोणत्या क्षणी बायको, हेच जर अखेरपर्यंत नीट कळणार नसेल तर प्रेक्षकाने जीव कोणात गुंतवायचा, असे त्याने विचारले. दिग्दर्शकाला स्वतःच्या आयुष्याविषयी बोलायचे होते तर त्याने ते घरच्यांशी बोलायला हवे होते, असेही तो म्हणाला. दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी चित्रपटाविषयी जवळजवळ काहीच सांगितले नाही. लहानपणी दारात बसून त्या वडिलांची वाट पाहत आणि दूरवर दिसलेले माणूस कोणत्या वळणावर कसे वळते यावरून ते वडील की कोणी परके हे ओळखत, एवढेच सांगून त्या थांबल्या. तिसऱ्या गृहस्थांनी छायाचित्रण अप्रतिम असल्याचे सांगितले, आणि ते खाली बसले.

त्या तरुणाची तक्रार प्रामाणिक आहे आणि ती लक्ष न दिल्यामुळे झालेली नाही, हे मला सर्वांत आधी नोंदवावेसे वाटते. मार्गारिता तेरेखोवा या एकाच अभिनेत्रीने, ज्याच्या आठवणी चित्रपटभर दिसतात त्या निवेदकाची तरुणपणीची आई आणि त्याची घटस्फोटित बायको अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. बारा वर्षांचा निवेदक आणि त्याचा मुलगा एकाच मुलाने साकारला आहे. निवेदक स्वतः पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. इनोकेंती स्मोक्तुनोव्हस्की यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. म्हातारपणीची आई म्हणून जी बाई दिसते ती तार्कोव्हस्की यांची खरी आई, मारिया इव्हानोव्हना, आणि मधूनमधून कविता वाचणारा आवाज त्यांच्या खऱ्या वडिलांचा, कवी आर्सेनी तार्कोव्हस्की यांचा. युद्धापूर्वीचा काळ, युद्धाचा काळ आणि चित्रपटाचा वर्तमान हे तीनही थर सूचना न देता एकमेकांत शिरतात, आणि कृष्णधवल म्हणजे भूतकाळ, रंगीत म्हणजे वर्तमान असा सोपा नियमही हाताशी राहत नाही. एवढे सगळे पहिल्याच भेटीत उमगायला हवे, असे म्हणणारा माणूस स्वतः ते आधी कुठेतरी वाचून आलेला असतो.

संथपणाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तार्कोव्हस्की यांनीच लिहून ठेवले आहे की या चित्रपटात सुमारे 200 शॉट, म्हणजे मध्ये न तोडता घेतलेली सलग चित्रणे, आहेत, आणि एवढ्या लांबीच्या चित्रपटात एरवी ते 500 च्या आसपास असतात. म्हणजे एखाद्या शॉटमध्ये जे कळायचे ते कळून झाल्यावरही तो शॉट पडद्यावर उभाच राहतो. धान्याचे कोठार पेटल्याचे दृश्य घ्या. आग लागली आहे हे आपल्याला क्षणात कळते. त्यानंतर वळचणीवरून पाणी ठिबकत राहते, माणसे पाठमोरी उभी राहतात, आई विहिरीपाशी जाऊन बसते, आणि आपल्याला नवे असे काहीच कळत नाही. या उरलेल्या वेळात प्रेक्षकाच्या मनाला काम नसते. मग ते घड्याळाकडे तरी जाते किंवा स्वतःच्या कोणत्या तरी जुन्या आठवणीकडे तरी जाते. आजच्या चर्चेत तो तरुण आणि त्या शिक्षिका एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहेत असे सगळ्यांना वाटत होते, पण मला ती दोघे एकाच मोकळ्या जागेविषयी बोलताना दिसली. ती जागा त्या बाईंनी भरली आणि त्याला ती रिकामी बोचली.

ही विभागणी अगदी सुरुवातीपासूनची आहे. चित्रपट 1975 साली सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला तो मोजक्या प्रती काढून, मोजक्या चित्रपटगृहांत. फिलिप येरमाश यांच्या अध्यक्षतेखालील ‘गोस्किनो’ या सरकारी चित्रपट समितीला तो पसंत नव्हता, आणि चित्रपटक्षेत्रातील ज्येष्ठांनीही त्याच्या दुर्बोधतेवर बोट ठेवले होते. तरीही लोकांनी तो शोधून पाहिला आणि दिग्दर्शकाला पत्रे लिहिली. त्यांतली काही तार्कोव्हस्की यांनी पुढे आपल्या पुस्तकाच्या आरंभीच छापली, आणि रागावलेली पत्रे त्यांनी आधी ठेवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लेनिनग्राडच्या एक स्थापत्य अभियंता बाई लिहितात की पहिल्या अर्ध्या तासातच त्यांचे डोके दुखू लागले, कारण पात्रे, घटना आणि आठवणी यांचा परस्परसंबंध लावण्याचा त्या मनापासून प्रयत्न करत होत्या. तरीही त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या. स्वेर्दलोव्स्कच्या एका अभियंत्याने तर सरळ शिव्याशाप दिले आणि हा चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेलाच नाही असा निकाल दिला. नंतर गोर्की शहरातल्या एका बाईंचे पत्र येते. माझे बालपण अगदी असेच होते, तो वारा आणि ते वादळ तसेच होते, पण तुम्हाला ते कसे ठाऊक, असे त्या विचारतात, आणि आजीची हाक, विझलेला दिवा, आई परतण्याची वाट पाहण्याने भरून गेलेले मन असे आपलेच तपशील सांगू लागतात.

आमच्या शिक्षिका आज नेमके हेच करत होत्या. चित्रपटाच्या सुरुवातीला कुंपणावर बसलेली आई आणि त्यामागून येणारा निवेदकाचा आवाज आहे: वाटेवरचा माणूस झुडपापाशी घराकडे वळला तर ते वडील, न वळला तर ते वडील नव्हेत. त्या वाक्यानंतर बाईंनी चित्रपट किती पाहिला आणि स्वतःचे दार किती पाहिले, हे त्यांनाही सांगता आले नसते. याला चित्रपट समजणे म्हणावे की न म्हणावे यावर आमच्यात थोडा वाद झाला. माझ्या सहकाऱ्याचे मत असे की प्रेक्षकाने आपली आठवण चित्रपटावर चढवली तर चित्रपट बाजूला पडतो. मला ते पटत नाही. एरवी अनोळखी माणसाची आठवण ऐकताना आपण सौजन्याने मान डोलावतो आणि मनातल्या मनात आपली पाळी येण्याची वाट पाहतो. इथे ती पाळी चित्रपटानेच आपल्याला दिलेली असते.

आज सर्वांत जास्त लोक उठून गेले ते छापखान्याच्या दृश्याच्या वेळी, आणि त्याचे मला वाईट वाटले. मुद्रितशोधक असलेली आई एक चूक राहून गेल्याच्या शंकेने पावसात धावत छापखाना गाठते, लांबच लांब मार्गिकांतून चालत राहते, मजकूर तपासते, चूक नाही असे तिला दिसते, आणि मग ती आपल्या सहकारी बाईच्या कानात काहीतरी कुजबुजते, जे आपल्याला ऐकूच येत नाही. दोघी हसतात, रडतात. बस, इतकेच. तार्कोव्हस्की यांची आई खरोखरच मॉस्कोतील छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करत असे. स्टालिनच्या काळात सरकारी प्रकाशनातील एका चुकीच्या अक्षरामुळे माणसाचे काय होऊ शकत होते, हे 1975 सालच्या तिथल्या प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते; त्याच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या अंगात ती भीती मुरलेली होती. तो ओळखीचा धागा नसलेल्या प्रेक्षकाला मात्र एक बाई उगाचच फार वेळ चालताना दिसते. संथ चित्रपट पाहताना कंटाळा येतो तेव्हा पुष्कळदा आपल्याला धोका दिसलेला नसतो. तेच चालणे, धोका कळल्यावर, मला आज इतके असह्य झाले की मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

दिग्दर्शकाने हे घरच्यांशी बोलायला हवे होते, हे त्या तरुणाचे वाक्य मात्र मनात घोळत राहिले, कारण एका अर्थाने ते खरेच घडले आहे. तार्कोव्हस्की लहानपणी जिथे राहायचे ते घर केव्हाच पडले होते. जुन्या छायाचित्रांवरून ते त्याच जागी, त्याच पायावर पुन्हा उभारले गेले. घरासमोरचे शेत बकव्हीट या धान्याच्या पांढऱ्या फुलांनी भरलेले त्यांना आठवत होते, पण तिथे आता ते पीक येणार नाही असे स्थानिक शेतकरी सांगत होते. चित्रपटाच्या लोकांनी ते शेत भाड्याने घेऊन स्वतःच्या जोखमीवर पेरले आणि ते फुलले. मग आईला तिथे नेले. तिला ते घर पाहून जे वाटले ते पाहून आपण योग्य दिशेने चाललो आहोत याची खात्री पटली, असे त्यांनी लिहिले आहे. म्हणजे या चित्रपटाची पहिली प्रेक्षक आईच होती, आणि तिची प्रतिक्रिया एक फूटही फिल्म दाखवण्याआधी घेतली गेली.

प्रत्येक जवळच्या माणसाला हे रुचले असेही नाही. आधीच्या चित्रपटांचे छायाचित्रणकार वदिम युसोव यांनी ‘मिरर’वर काम करायला नकार दिला. स्वतःचे आयुष्य इतके उघडपणे मांडणे त्यांना नैतिकदृष्ट्या खटकत होते. त्यांच्या जागी गेओर्गी रेरबेर्ग आले. पुढे पूर्ण झालेला चित्रपट पाहिल्यावर युसोव यांनी, सांगायला नको वाटते पण ही तुझी सर्वोत्तम कृती आहे, अशा अर्थाचे काही म्हटल्याचे तार्कोव्हस्की यांनी नोंदवले आहे. मला त्यांचा आधीचा नकार आणि नंतरची कबुली, दोन्ही तितकीच आदरणीय वाटतात. आपल्या आईच्या एकटेपणाचे चित्रण अनोळखी लोकांसमोर ठेवावे का, हा प्रश्न चित्रपट चांगला निघाला म्हणून मिटत नाही.

आणि याच अतिशय खासगी चित्रपटात क्रिमियाजवळच्या सिवाशच्या खाऱ्या, उथळ पाण्यातून चिखल तुडवत जाणाऱ्या लाल सेनेच्या सैनिकांचा 1943 सालचा वृत्तपटही आहे. तो ज्या कॅमेरामनने टिपला तो त्याच दिवशी मारला गेला, असे तार्कोव्हस्की सांगतात. चर्चेत या दृश्याविषयी कोणीच बोलले नाही. त्या वेळी सभागृहातील चुळबुळ मात्र पूर्ण थांबली होती, आणि ते दृश्यही संथच आहे, फक्त चालण्याचेच आहे. छापखान्यातले चालणे सोसवले नाही आणि चिखलातले सोसवले, यामागचे कारण मला अजून पुरते सापडलेले नाही. कदाचित तिथे धोका डोळ्यांना दिसतो म्हणून असेल.

छायाचित्रणाची स्तुती करून बसलेल्या गृहस्थांविषयीही लिहायला हवे. वाऱ्याची एक झुळूक शेतावरून चालत येते, परक्या डॉक्टरला थांबवते, आणि तो मागे वळून पाहतो; तो शॉट पाहून कोणीही अप्रतिमच म्हणेल. पण त्या शब्दावर थांबले की प्रेक्षक सुटतो. त्याने स्वतःचे काही दिले नाही आणि चित्रपटाकडून काही मागितलेही नाही. चिडलेल्या तरुणाने निदान मागितले होते.

अशा चर्चांत एक किस्सा हमखास निघतो, आजही निघाला. एका खेळानंतर समीक्षक ‘मिरर’चा अर्थ लावत बसले होते. सभागृह झाडायला आलेली बाई खोळंबली होती. ती अखेर म्हणाली की यात एवढे काय आहे, एका माणसाने आपल्या माणसांना दुखावले, आता तो मरायला टेकला आहे आणि त्याला क्षमा मागायची आहे, पण कशी मागावी ते त्याला कळत नाही. हा प्रसंग तार्कोव्हस्की यांनीच सांगितला असे म्हणतात, आणि त्या बाईंचे आकलन मला खरोखर सुंदर वाटते. पण हा किस्सा नेहमी कोणाला तरी गप्प करण्यासाठी सांगितला जातो. झाडणाऱ्या बाईला कळले, मग तुला कसे कळले नाही, असा त्याचा रोख असतो. आज तो त्या तरुणाकडे पाहून सांगितला गेला आणि त्यानंतर तो एक शब्दही बोलला नाही. मला त्याचे पुढचे बोलणे ऐकायचे होते.

पुढच्या महिन्यात हाच चित्रपट पुन्हा दाखवायचे ठरले आहे, आणि आधी प्रास्ताविक असावे की नसावे यावर सोसायटीत दोन मते आहेत. काहींचे म्हणणे, काही सांगूच नये, प्रेक्षकाने कोऱ्या मनाने बसावे. मी दोन गोष्टी सांगण्याच्या बाजूने आहे: आई आणि बायको एकाच अभिनेत्रीने साकारल्या आहेत, आणि छापखान्यातील त्या बाईला त्या काळात एका अक्षराची भीती का वाटावी. एवढे सांगितल्याने कोणाचे कोडे सुटणार नाही, कारण संकलनाच्या वेळी वीसहून अधिक वेळा क्रम बदलून पाहिल्यावर हा चित्रपट दिग्दर्शकाच्या हाती लागला होता. पण ज्याला केवळ नात्यांच्या गोंधळामुळे बाहेर पडावे लागते, तो आणखी काही वेळ बसेल. घराविषयी, शेताविषयी आणि आईविषयी मी काहीही सांगणार नाही. आजच्या तरुणाला मात्र निरोप पाठवला आहे की त्याने यावे, आणि या वेळी चर्चेची सुरुवात त्यानेच करावी.