व्हॅम्पायर खोटा, पाळत खरी

"व्हॅम्पायरच जर खोटा आहे, तर तो कसा वागतो याचं एवढं काय मनावर घ्यायचं?"

हा प्रश्न मला पालक विचारतात, मुली विचारतात, माझ्या वयाच्या मैत्रिणीही विचारतात. मी कुमारवयीन मुलामुलींचा वाचनगट चालवते. यंग अ‍ॅडल्ट पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे शाळकरी नायिका आणि तिच्या प्रेमात पडलेला रक्तपिपासू व्हॅम्पायर, लांडग्याचं रूप घेणारा मुलगा किंवा स्वर्गातून हाकललेला देवदूत, हा आमच्याकडे सगळ्यात जास्त हातांतून फिरणारा प्रकार. त्यातल्या नायकांच्या वागण्यावर मी बोलू लागले की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलात, तर एकदा नीट उत्तर देते.

आधी एक सांगायला हवं. ‘ट्वायलाइट’ मी एका रात्रीत वाचून संपवली होती आणि मला ती मनापासून आवडली होती. त्यातला व्हॅम्पायर नायक एडवर्ड रात्री नायिकेच्या, बेलाच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, ती जागा मी दोनदा वाचली. कोणीतरी आपल्याकडे इतकं, झोप विसरून, बघत राहावं ही ओढ मला चांगली ठाऊक आहे. म्हणून या पुस्तकांना आणि ती वाचणाऱ्या मुलींना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही.

पण ती जागा आता पुन्हा बघा. बेलाला न सांगता, न विचारता तो रात्रीमागून रात्री तिच्या खोलीत आलेला आहे. तिला हे कळतं तेव्हा तिला लाज वाटते ती आपण झोपेत काय काय बडबडलो असू याची. तो आत आलाच कसा, हा राग तिला येतच नाही. पुढे २०२० मध्ये हीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून सांगणारी ‘मिडनाइट सन’ आली. त्यात खिडकी करकरते, तेव्हा पुढच्या वेळी तेल आणायला हवं असं त्याच्या मनात येतं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या पुस्तकात मी जिला प्रेम समजले होते, त्या जागेत हा खिडकीच्या तेलाचा विचार दडलेला होता.

तर माझं उत्तर असं. व्हॅम्पायर लेखिकेने कल्पनेतून आणला, मान्य. पण मागे मागे जाणं, पाळत ठेवणं, मैत्रिणीकडे किंवा मित्राकडे जाऊ न देणं, नको म्हटल्यावर थांबायचं नाही, यातलं काहीच कल्पनेतून आलेलं नाही. ते जसंच्या तसं जगातलं आहे. सुळे तेवढे काढून घ्या आणि मग तोच प्रसंग वाचा.

अद्भुताचा उपयोग इथे एका खास कामासाठी होतो, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्यावरच. ही पुस्तकं नायकाला नुसतं माफ करत नाहीत, कथानकाच्या जोरावर त्याला बरोबर ठरवतात. एडवर्ड बेलाच्या नकळत तिच्या मागोमाग दुसऱ्या गावाला जातो. तिथे रस्त्यात काही पुरुष तिला घेरतात आणि नेमका हा येऊन तिला वाचवतो. झालं! आता पाठलागाबद्दल तक्रार कोण करणार? त्याने आपला पाठलाग केला याचं खटकायला हवं का, असं ती स्वतःला विचारते, आणि तिला जाणवतो तो आनंद. लेखिकेने ते पुरुष त्या गल्लीत उभे केले म्हणून पाठलाग हे संरक्षण झालं. ते तिथे नसते, तर उरला असता फक्त एक मुलगा, जो एका मुलीच्या मागे तिच्या नकळत गावभर फिरला.

‘ट्वायलाइट’ मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात, ‘इक्लिप्स’मध्ये (२००७), बेलाला आपल्या मित्राला, जेकबला भेटायला जायचं असतं. ती गाडीत बसते, किल्ली फिरवते, गाडी सुरू होत नाही. शेजारी एडवर्ड बसलेला असतो आणि त्याच्या हातात इंजिनाचा एक भाग असतो. सकाळी शाळेच्या आधी गाडी नीट करून देईन, असं तो सांगतो. आणि आज रात्री मी नको असेन तर खिडकी बंद ठेव, मी समजून घेईन, असंही. ती चिडून खिडकी आपटते. मग सुस्कारा टाकून पुन्हा उघडते. इथेही कारण तयार आहे: जेकब लांडगा आहे, लांडगे धोक्याचे. म्हणजे तिला अडवणारा काळजीवाहू ठरतो आणि तिचं स्वतःचं डोकं वापरणं हा हट्ट ठरतो.

मोठ्या माणसांचं काय, हे तर मला या पुस्तकांतलं सगळ्यात दुखणारं वाटतं. त्याच ‘इक्लिप्स’मध्ये जेकब बेलाचं जबरदस्तीने चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो. घरी आल्यावर तिच्या वडिलांना कारण कळतं, तेव्हा ते कौतुक करतात ते जेकबचं. हे वडील गावचे पोलीस प्रमुख आहेत. ‘हश, हश’ या देवदूतवाल्या कादंबरीत (२००९) नायिका नोरा जीवशास्त्राच्या शिक्षकांना सांगते की शेजारी बसवलेल्या या मुलाजवळ मला अस्वस्थ वाटतं, माझी जागा बदला. ते बदलत नाहीत. पुढे कळतं की तो मुलगा मुळात तिला मारायच्याच हेतूने आला होता, म्हणजे तिच्या पोटात गोळा येत होता तो अगदी बरोबर होता. तरी शेवटी ती त्याच्याच मिठीत. वाचणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला यातून काय कळलं? की सांगून उपयोग नसतो, आणि आत जी भीती वाटते तिचं खरं नाव प्रेम.

ही गफलत सोपी आहे, कारण दोन्हींत शरीर सारखंच बोलतं. छातीत धडधड, घशाला कोरड, तळहाताला घाम. नायिका ‘मी’ म्हणून गोष्ट सांगते, त्यामुळे त्या धडधडीचा अर्थ आपल्यासाठी तीच लावून मोकळी होते.

वाचून लगेच कोणी तसं वागतं का, असं तुम्ही म्हणाल. पुस्तकाचा असा सरळ परिणाम होतो, असं मीही म्हणत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युलिया लिपमन यांनी एक अभ्यास केला होता, तोही सिनेमांवर. काही स्त्रियांना त्यांनी पाठलाग गोडगुलाबी दाखवणारे चित्रपट दाखवले, काहींना तोच भयंकर दाखवणारे. पाठलाग म्हणजे फार मोठं काही नाही, अशा छापाचे समज पहिल्या गटाने दुसऱ्यापेक्षा जास्त मान्य केले. समज बदलतो, एवढंच. पण मुलगी कोणाला कधी ‘थांब’ म्हणेल, हे त्या समजावरच तर ठरतं.

आमच्या गटातल्या एका मुलीने एकदा मला फोन दाखवला. चेहरा उजळलेला. एका मुलाचा मेसेज होता: ‘खाली उभा आहे. तुझ्या खोलीतला दिवा आत्ता गेला. झोप आता.’

"ताई, किती काळजी करतो ना?"

मी विचारलं, तू बोलावलं होतंस? नाही. तुझी खोली कुठली ते त्याला कसं माहीत? ती गप्प झाली. किती वेळ उभा होता? माहीत नाही. मी त्या मुलाला नावं ठेवली नाहीत, पुस्तकांचंही नाव काढलं नाही. फक्त म्हटलं, उद्या त्याला सांगून बघ की खाली येऊन उभा राहू नकोस, मला आवडत नाही. तो काय उत्तर देतो ते मला दाखव. उत्तर चार दिवसांनी तिने दाखवलं. ते मी इथे लिहिणार नाही. पण त्यानंतर तिने आईला सगळं सांगितलं, आणि तिची आई ऐकणाऱ्यांतली निघाली, हे लिहायला मला फार बरं वाटतंय.

पुस्तकं मी बंद केलेली नाहीत. बंद केली असती तर मुलींनी ती पांघरुणात वाचली असती, आणि मग ‘ताई, किती काळजी करतो ना’ हे विचारायला कोणी माझ्याकडे आलं नसतं. मी पुस्तकाबरोबर एक पेन्सिल देते. जिथे नायिका ‘नाही’ म्हणते तिथे खूण करा, आणि नायकाने पुढे काय केलं ते शेजारी लिहा, एवढंच सांगते. मुलगे वाचत असतील तर त्यांनाही तेच. मुलींना जेवढं लागू आहे त्याहून जास्त ते त्यांना लागू आहे.

त्या मुलीने ‘इक्लिप्स’ परत केलं तेव्हा खुणा फार नव्हत्या. इंजिनाच्या प्रसंगापाशी मात्र समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘गाडी तिची होती.’